लाभ, दोन, तीन

सेक्रेटरींच्या तोंडून 'एक' हा आकडा मी कधीच ऐकला नाही. लिंबं घेताना, जिना चढताना, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तळहातावर ओतताना त्यांची मोजणी सुरू व्हायची ती 'लाभ'पासून. लाभ, दोन, तीन. खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पण रीत खळ्यापुरती असते हो! हे गृहस्थ शेअर रिक्षाच्या स्टँडवरसुद्धा तेच. रिक्षावाला विचारणार, "कितनी सीट?" आणि हे सांगणार, "लाभ." तो बिचारा नवा आलेला, माझ्याकडे बघत राहायचा. मी कपाळाला हात लावून म्हणायची, "एक आहे रे बाबा, एकच. बसव त्यांना."

त्यात मी गणिताची बाई. सगळी नोकरी पोरांच्या डोक्यात आकडे भरण्यात गेली, आणि म्हातारपणी शेजार मिळाला तो असा. एकदा चिडून विचारलंच, "सेक्रेटरी, एकाला एक म्हणायला तुमचं काय जातं?" ते दाराशी चपला काढत होते. म्हणाले, "बाई, एक बोल्ला का मानूस एकटा पडतो. लाभ बोल्ला का मागून दोन येतोच." आणि चहाला बसले.

हे सेक्रेटरी कशाचे, ते सांगते. तालुक्याच्या खुल्या, हौशी गोल्फ स्पर्धेचे. हसून घ्या. आमच्या स्टाफरूममध्येही सगळे हसले होते. गोल्फला खड्डे लागतात ना, मग भिवंडीइतकी चांगली जागा दुसरी कुठली, असं आमचे चित्रकलेचे सर म्हणाले होते. स्पर्धेला अध्यक्ष नव्हता, खजिनदार नव्हता, कमिटी नव्हती. होते ते फक्त सेक्रेटरी. अध्यक्षांची खुर्ची मात्र दर वर्षी मांडायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, "अध्यक्ष शोधतोय. चांगला मानूस भेटला का बसवू."

ते काल्हेर आणि कशेळीच्या मधल्या गावचे, खाडीकाठचे, बापजाद्यांची भाताची जमीन. पण नोकरी मुंबईत, एका मोठ्या गोल्फ क्लबाच्या ऑफिसात कारकून. खिडकीतून रोज ते हिरवंगार मैदान दिसायचं आणि त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. "तिथं खेळाला मेंबर लागतो," ते सांगायचे, "आनी मेंबर व्हायला बाप मेंबर लागतो. माझा बाप खाडीत कोळंबी धरायचा." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा. उलट ते हसायचे, आणि मलाच त्या क्लबाचा राग यायचा.

एका वर्षी मळणी झाल्यावर ते आपल्या घरासमोरच्या खळ्याकडे बघत बसले होते. शेणानं सारवलेलं, गुळगुळीत, गोल खळं. मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. तो उपटला की उरतं ते भोक. सेक्रेटरी उठून उभेच राहिले म्हणे. मुंबईच्या साहेबलोकांना एवढं गवत राखून, पाणी मारून जे करावं लागतं, ते आमच्या शेतकऱ्याच्या दारात दर वर्षी आपसूक तयार होत होतं! मधली शेतं कापणी होऊन मोकळी पडलेली. या खळ्यावरून चेंडू मारत त्या खळ्यावर जायचं आणि तिवड्याच्या भोकात घालायचा. गावात अशी नऊ खळी होती. सेक्रेटरींनी ती लाभ, दोन, तीन करत मोजली आणि त्याच आठवड्यात स्पर्धा जाहीर करून टाकली.

चेंडूंची अडचण नव्हती. क्लबाच्या तळ्यातून काढलेले, टाकून दिलेले चेंडू ते पिशवीतून घेऊन येत. अडचण काठ्यांची. ती सोडवली मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे कामतघरचे लूम दुरुस्त करणारे, मूळचे आझमगडकडचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं मोजकं. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला मारून या टोकाकडून त्या टोकाला पाठवणारा एक लाकडी दांडा असतो. चिवट असतो, सहजी मोडत नाही. मिस्त्रींनी जुन्या लूमचे दांडे जमवले आणि खाली लोखंडाचा तुकडा ठोकून बसवला. सेक्रेटरींना एक दांडा देऊन म्हणाले, "ज़िंदगीभर इसने टोला ही मारा है, साब. इसको सिखाना नहीं पड़ेगा." मग स्वतःही खेळायला उभे राहिले. आणि पहिल्याच वर्षी जिंकले.

लूमला शुक्रवारची सुट्टी, म्हणून स्पर्धा शुक्रवारी. संक्रांतीनंतरचा पहिला शुक्रवार, सकाळी सुरू करायची आणि दुपारच्या नमाजाआधी आटपायची. कोणीही यावं. रिक्षावाले यायचे, लूमवाले यायचे, खाडीवरचे कोळी यायचे, एकदा एक हवालदार ड्युटीवरून तसाच आला आणि टोपी काढून खेळला. फी नाही, बूट नकोत. चेंडू शेणात पडला तर उचलून बाजूला ठेवा, दंड नाही. वालाच्या शेतात गेला तर एक टोला दंड, आणि वाल ज्यांचा त्या मावशींच्या शिव्या, त्या वेगळ्या.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो माझ्या रिकाम्या तासामुळे. पहिल्या वर्षी बक्षीस द्यायला कोणी बडी असामी यायची होती, ती आली नाही. सेक्रेटरी धावत आमच्या शाळेत आले, स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "कोन रिकामा हाय काय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गेले, पायलीभर टाळ्यांत बक्षीस दिलं आणि परत येऊन सातवीचा तास घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा दारात हजर. "पर गेल्या वर्षी तुमीच दिलेला ना? आता प्रथा पडली." झालं! त्यानंतर त्या शुक्रवारी मी दर वर्षी अर्धी रजा टाकत आले.

बक्षीस म्हणजे पितळी पायली, भात मोजायचं माप. सेक्रेटरींच्या आईची. विजेत्यानं ती वर्षभर घरी न्यायची आणि संक्रांतीला घासूनपुसून परत आणायची, असा ठराव. मिस्त्रींच्या कामतघरच्या खोलीत ती इतकी वर्षं राहिली की त्यांच्या बायकोनं तिच्यात कांदे ठेवायला सुरुवात केली होती.

स्पर्धेत नियम फार नव्हते, पण एका नियमावर सेक्रेटरी कोणाच्या बापाचं ऐकत नसत. आपले टोले आपण मोजायचे नाहीत. जोडीतल्या दुसऱ्यानं मोजायचे, मोठ्यानं, चारचौघांना ऐकू जाईल असे. "खळ्यावर धनी कदी आपला भात आपन मोजतो काय?" ते विचारायचे. "आपला आपन मोजला का हात जड होतो. मोजणारा दुसराच पायजे." तेव्हा सेक्रेटरी मिस्त्रींचे टोले मोजायचे, मिस्त्री सेक्रेटरींचे. सेक्रेटरी ओरडायचे, "लाभ! दोन! तीन!" मिस्त्रींच्या मुलखात पहिल्या मापाला बरकत म्हणतात. ते म्हणायचे, "बरकत! दो! तीन!" शेतातून हे दोन आवाज आळीपाळीनं येत राहायचे. मी झाडाखाली खुर्चीवर बसून पेपर तपासायची आणि आवाजावरून कोण कुठं पोचलंय ते ओळखायची.

सेक्रेटरी स्वतः कधी जिंकले नाहीत. एकदाही नाही. स्पर्धा त्यांची, खळं त्यांचं, पायली त्यांच्या आईची, आणि हे आपले दर वर्षी टाळ्या वाजवणार. हात चांगला होता त्यांचा, मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नसूनही ते दिसायचं. पण शेवटचं खळं म्हणजे त्यांच्या घरासमोरचं आलं की काय व्हायचं कोण जाणे. ओसरीवर त्यांची बायको उभी असायची. ती असेपर्यंत ती बघते म्हणून चुकायचं, आणि ती गेल्यावर ती नाही म्हणून. मला ते म्हणायचे, "बाई, येकदा फक्त. येकदा पायली माझे घरा हक्कानं राहू दे. मग मी मोकळा." चेष्टेनं म्हणायचे. पण दर वर्षी म्हणायचे, तेव्हा चेष्टा कसली!

मग गोडाऊनं आली. त्याबद्दल सेक्रेटरींनी कधी गळा काढला नाही, मीही काढणार नाही. जमीन सगळ्यांनी विकली, त्यांनीही विकली. "इकली म्हनून तर पोरगा ठाण्याला इसाव्या माळ्यावर राहतो," ते म्हणायचे. पण खळी एकेक करून गेली. एका वर्षी नवाची आठ झाली, मग दोन एकदम गेली, मग रस्ता रुंद झाला. काही वर्षं ते वॉचमन लोकांची परवानगी काढून गोडाऊनच्या गल्ल्यांतून, उभ्या ट्रकच्या खालून चेंडू काढत खेळले. माणसंही गळत गेली. मी निवृत्त झाल्यावर काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा पेढे द्यायला गेले, तर पत्ता ऐकून हा माणूस हरखून म्हणतो, "म्हंजे तुमी पाचव्या खळ्यावर राहता! बाई, तुमचे बेडरूमचे खाली माझा येक बॉल हाय. कदी भेटलाच नाय मना." आता रोज रात्री पाठ टेकली की मला तो चेंडू आठवतो, याला काय म्हणावं?

शेवटी एकच खळं उरलं, त्यांच्या घरासमोरचं, आणि खेळणारे दोघंच उरले. नऊ खळ्यांऐवजी एकाच खळ्यावर नऊ बाजूंनी खेळायचं, असं त्यांनी ठरवलं. बघायला मी आणि गावातले दोन-चार जण. आणि त्या वर्षी, मी सांगते तुम्हाला, सेक्रेटरी असे खेळले की मी पेपर वाचायचा सोडून उभी राहिले. शेवटच्या फेरीला दोघं बरोबरीत. मिस्त्रींचे सहा टोले झाले. मग सेक्रेटरी. चेंडू भिंतीला लागून परत आला, मग मोरीकडे गेला, मग खळ्यावर आला आणि एकदाचा भोकात पडला. मिस्त्री मोजत होते. "बरकत... एक... दो... तीन..." आणि शेवटी हात वर करून म्हणाले, "पाँच! सेक्रेटरीसाब जीत गए!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पायली उचलली. सेक्रेटरी जागचे हलले नाहीत.

"मिस्त्री, परत मोजा."

"गिन लिया, साब. पाँच."

"बरकतच्या मागून दोन येतो. तुमी एक बोल्ले."

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "ज़बान फिसल गई होगी. रहने दो ना. इतने साल हो गए. आप जीते, बस."

सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणावर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मना भीक नको, मिस्त्री."

मिस्त्रींनी मान वर केली. अगदी हळू म्हणाले, "बरकत को भीक बोल दिया, सेक्रेटरीसाब?" दांडा ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवला, सायकल घेतली आणि गेले.

आम्हाला नंतर कळलं. मिस्त्रींचे लूम भंगारात गेले होते, खोली सोडली होती, पुढच्या आठवड्यात ते कायमचे गावी जाणार होते. कोणाला बोलले नव्हते. ज्या माणसाची जीभ उभ्या जन्मात बरकतनंतर दोवर गेली, ती त्याच दिवशी एकवर कशी घसरली, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. सहाचे पाच करून जाता जाता पायली देऊन जायचं होतं त्यांना. आणि सेक्रेटरींना घेता येईना. दोघांपैकी चूक कोणाची, असं मला विचाराल तर मी दोघांनाही बाकावर उभं करीन. त्या वर्षी विजेता नाही. पायली सेक्रेटरींच्या कोनाड्यात पडून राहिली, पण हक्कानं नाही.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. सेक्रेटरी सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे चहाला यायचे आणि कप खाली ठेवून लगेच उठायचे. मुलगा ठाण्याला ये म्हणत होता. गेले, आणि दोन दिवसांत परत आले. "तिथं खाली बघाला भीती वाटते आनी वर बघाला काय न्हाय," म्हणाले. मिस्त्रींचा विषय मी काढला की चहा थंड झाला म्हणायचे. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी दारात उभे, हातात दांडा. "बाई, मोजाला येता काय?" मी गेले. खळं त्यांनी स्वतः सारवलं होतं, गुडघे धरून धरून. पहिला टोला मारला, मी "एक" म्हणणार होते, पण त्यांच्याकडे बघून "लाभ" म्हटलं. त्यांनी दुसरा मारलाच नाही. दांडा खाली टेकवून उभे राहिले. म्हणाले, "बाई, कोनाशी खेळतोय मी?"

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "फोन लावा. आत्ताच्या आत्ता." ते म्हणाले, नको. मग म्हणाले, नियमाबद्दल एक विचारायचं होतं खरं. मग म्हणाले, तुम्हीच लावा. मी त्यांच्याच मोबाइलवरून लावून कानाशी दिला. रामराम नाही, सलाम नाही, हे आपले सुरूच. "मिस्त्री, पान्याचे टाकीखाली बॉल गेला त काय कराचा?"

पलीकडून आवाज आला. "टंकी किसकी है? अपनी कि पड़ोसी की?"

"आपलीच."

"तो बाहर निकालके रखो. दंड नहीं." मग, "साब, इधर भी खलिहान है. मेरे बाप का. एक डंडा मैं साथ लाया हूँ."

सेक्रेटरी म्हणाले, "बरकतच्या मागून दोन."

"हाँ," मिस्त्री म्हणाले. "दो."

माफी म्हणतात ती एवढीच मागितली गेली, दोन्हीकडून. आणि त्या सकाळी तालुक्याची खुली स्पर्धा दोन राज्यांत खेळली गेली. फोन स्पीकरवर टाकून ओसरीच्या कठड्यावर. इकडे मी मोजणार, तिकडे मिस्त्रींची सून. मी ओरडायची "लाभ!", ती ओरडायची "बरकत!" इकडून ट्रकचे हॉर्न तिकडे जायचे, तिकडचे मोर इकडे ओरडायचे. मिस्त्री जिंकले, अर्थात. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. "पायली भेज दो, साब," ते सांगायचे. "पार्सलात चेपल," हे सांगायचे. मग भांडण. खेळ संपला तरी फोन कोणी ठेवायचा नाही. बोलायचे काहीच नाहीत दोघं. नुसते बसायचे, इकडे ओसरीवर आणि तिकडे खलिहानात, म्हणजे त्यांच्या खळ्यावर, एकमेकांकडचे आवाज ऐकत. त्या शुक्रवारी सेक्रेटरी पोटभर जेवायचे, एरवी त्यांचं जेवण म्हणजे चिमणीचं. उरलेलं सगळं वर्ष त्या शुक्रवारची वाट बघण्यात जायचं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही तसंच होतं.

गेल्या दिवाळीनंतर सेक्रेटरी गेले. झोपेतच. सकाळी चहाला आले नाहीत म्हणून मी गेले, तर दार नुसतं लोटलेलं. मुलगा-सून आली, सगळं रीतीनं झालं. मुलगा चांगला आहे, त्याला मी बोल लावणार नाही. खळं त्यानं शेजारच्या गोडाऊनला पार्किंगसाठी दिलं. दांडा, एक चेंडू आणि पायली माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाई, हे तुम्हीच ठेवा. आमच्याकडे ठेवायला जागा नाही." मिस्त्रींना फोन मीच केला. ते काहीतरी पुटपुटले, दुवा असावी. मग म्हणाले, "गिनता कौन था, आख़िर में?" दार नुसतं लोटलेलं होतं, एवढंच मी सांगितलं.

संक्रांत झाली. शुक्रवारी मी मुद्दाम कॅलेंडरकडे बघितलं नाही. मेथी निवडत बसले होते. फोन वाजला.

"बाई, मैं खलिहान पर हूँ. बहू भी है. उधर से कोई है?"

मी म्हटलं, "कोणी नाही हो, मिस्त्री. मी एकटीच आहे."

"एक मत बोलो, बाई," ते म्हणाले. "सेक्रेटरीसाब नाराज होंगे."

मी मेथी तशीच टाकली, पदर खोचला आणि दांडा नि चेंडू घेऊन निघाले. जन्मात कधी चेंडूला काठी लावलेली नाही. खळं ओळखू येत नव्हतं. सारवण उडालेलं, तण माजलेलं, कडेला एक ट्रक उभा. तिवड्याचं भोक मात्र होतं, मातीनं अर्धं भरलेलं. ते मी हातानं उकरलं. वॉचमन लाठी घेऊन आला, "मावशी, इधर क्या कर रहे हो?" मी म्हटलं, "उभे राहा इथं. मी टोला मारला की मोजायचं. मोठ्यानं." शाळेचा आवाज अजून आहे माझा. तो उभा राहिला. मी मारला, तो म्हणाला, "एक." मी म्हटलं, "एक नाही. लाभ म्हणा." बिचारा म्हणाला, "लाभ."

चेंडू ट्रकखाली गेला, गटाराकडे गेला, माझ्याच पायावर आला. वॉचमन इमानानं मोजत राहिला. भोकात पडला तेव्हा बावीस झाले होते. मी फोनवर सांगितलं, "बावीस, मिस्त्री. एकही कमी नाही."

मग मिस्त्री म्हणाले, "हमारे तेईस."

मागून सुनेचा आवाज आला, "अब्बा, आपके तो चार..." आणि तो मध्येच तुटला. मोर ओरडत होता.

मी गणिताची बाई आहे. चार आणि तेवीस यांतला फरक मला कळतो. आणि कानाशी सेक्रेटरी बोलले म्हणा, किंवा मला वाटलं म्हणा, "मना भीक नको." मी मनातल्या मनात म्हटलं, सेक्रेटरी, तुम्ही गप्प बसा. मोजणारा दुसराच पाहिजे, असं तुम्हीच म्हणायचा ना? मग मोजलंय त्यांनी. घ्या आता.

"बरकत, मिस्त्री," मी म्हटलं.

"बरकत, बाई," ते म्हणाले. फोन कोणीच ठेवला नाही. शेवटी ट्रक काढायचा होता म्हणून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि मी बाजूला झाले.

आता तिथं कंपाउंडची भिंत आली आहे. पायली माझ्या ओट्यावर असते, घासूनपुसून, सेक्रेटरींच्या हक्काची. माझ्या भाताला पायली कशाला लागते, वाटी पुरते. पहिली वाटी घालताना मी लाभ म्हणते. दुसरी लागत नाही, तरी घालते. रोज भात उरतो.